‘अमुक’च्या जागी कोण? साच्यातून निघणारी पत्रं आणि त्यांच्यावर ताबा ठेवणारी ऑब्जेक्ट्स



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं दस्तऐवजांच्या टेम्प्लेटवर का बोलावं, हा प्रश्न समोरच्या दोन-चार चेहऱ्यांवर आम्हांला स्पष्ट दिसतो आहे. त्याचं उत्तर आधी देऊन टाकू. वीजबिल, विम्याच्या हप्त्याची आठवण, मालमत्ता कराची मागणी, पेन्शनचं पत्र, शाळेचा निकाल असा जो कागद आज आपल्या घरी येतो, तो बहुतेक वेळा कोणी लिहिलेला नसतो. तो ‘निघालेला’ असतो. बिल निघालं, नोटीस निघाली असंच आपण म्हणतो. आता कर्ता नसलेलं वाक्य दिसलं की कर्ता शोधायचा, ही आमच्या धंद्याची खोड आहे. पत्रातला एखादा परिच्छेद तुम्हांला आला आणि शेजाऱ्याला आला नाही, तर ते कोणी ठरवलं? कुठे ठरवलं? ते ठरवणं वाचता येईल अशा जागी लिहून ठेवलेलं आहे का? आजचं सगळं बोलणं या तीन प्रश्नांभोवतीचं आहे. वाटेत थोडं तंत्र समजून घ्यावं लागेल, पण ते अवघड नाही.

टेम्प्लेटला मराठीत आपण साचा म्हणतो. शब्द चांगला आहे, पण थोडा फसवा आहे. करंजीचा साचा घ्या किंवा गणपतीच्या मूर्तीचा घ्या. त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू सारखी असते, आणि सारखी असावी हाच साच्याचा हेतू असतो. दस्तऐवजाचा साचा मात्र प्रत्येकाला वेगळा कागद देण्यासाठी केलेला असतो. त्याला जास्त जवळचं उदाहरण पूजेच्या संकल्पात सापडतं. पोथीत ‘अमुक गोत्र, अमुक नाम’ असं छापलेलं असतं. ‘अमुक’ ही रिकामी जागा. गुरुजींनी तिथं यजमानाचं गोत्र आणि नाव घालायचं असतं. एखादे नवशिके गुरुजी घाईत ‘अमुक’ असंच मोठ्यांदा म्हणून गेले, तर जे हसू येतं तेच ‘प्रिय फर्स्टनेम’ असं छापून आलेल्या पत्रावर येतं. चूक एकाच जातीची आहे. जागा दाखवणारी खूण जागेत बसवायच्या वस्तूच्या ठिकाणी उच्चारली गेली.

जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी ९ जानेवारी १८९१ रोजी येना इथं ‘फलन आणि संकल्पना’ या विषयावर व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी फलनाला अपुरं, न भरलेलं असं म्हटलं. रिकामी जागा हा त्याच्या स्वरूपाचाच भाग आहे, आणि ती भरली की पूर्ण काहीतरी मिळतं. हे वाचलं की आपल्याकडच्या शाब्दबोधाच्या चर्चेतली ‘आकांक्षा’ आठवल्याशिवाय राहत नाही. वाक्याचा अर्थ लागायचा तर पदांना एकमेकांची आकांक्षा हवी, योग्यता हवी आणि सन्निधी हवा. ‘आगीने शिंपतो’ हे योग्यता नसल्याचं ठरलेलं उदाहरण आहे. व्याकरण ठीक, जागा भरली, पण भरलेली वस्तू त्या जागेच्या लायकीची नाही. तारखेच्या जागी फोन नंबर छापून आलेलं पत्र तुम्ही पाहिलं असेल. तिथं आकांक्षा पुरी झाली, योग्यता गेली.

आता मराठीची एक गंमत पाहू, कारण इंग्रजी भाषेत बसून टेम्प्लेट करणाऱ्याला ही अडचण कळतच नाही. इंग्रजीत नाव कुठंही ठेवा, ते बदलत नाही. मराठीत विभक्ती लागली की नावाचं सामान्यरूप होतं. पुणे, पण पुण्याला. सातारा, पण साताऱ्याला. नाशिक मात्र नाशिकला. मग ‘____ला सुनावणी होईल’ असा साचा केला आणि जागेत ‘सातारा’ भरलं, तर ‘साताराला’ असा प्रकार छापून येतो. यावर आपल्या कचेऱ्यांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधी उपाय शोधून ठेवला होता. ‘सातारा येथे’. ‘श्री. गणपत जाधव यांना’. विभक्तीचं ओझं ‘येथे’ आणि ‘यांना’ या शब्दांनी उचलायचं, म्हणजे रिकाम्या जागेतलं नाव जसंच्या तसं राहतं. सरकारी मराठीला आपण रुक्ष म्हणून नावं ठेवतो, आम्हीही ठेवली आहेत. पण हे ‘येथे’ आणि ‘यांस’ छापील नमुन्यांच्या फार सोयीचे आहेत. नमुन्यात गाळलेली जागा ठेवायची असेल तर भाषा अशीच वळवावी लागते. क्रियापदाच्या लिंगाचंही तेच. ‘आपण अर्ज केला आहे’ हे वाक्य स्त्री-पुरुष दोघांना चालतं, कारण क्रियापद अर्जाशी जुळतं. ‘आपण हजर राहिला नाहीत’ हे चालत नाही, म्हणून कचेरी ‘आपली अनुपस्थिती आढळून आली’ असं लिहिते.

हा प्रश्न जुना आहे, आणि त्याची सगळ्यांत सविस्तर चर्चा मीमांसकांनी केली आहे. इथं एक खुलासा करून ठेवतो. आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असलं काही आम्ही म्हणणार नाही, आणि कोणी म्हणत असेल तर आम्ही त्याच्या बाजूला उभे नाही. मीमांसकांचा प्रश्न यज्ञाचा होता. पण प्रश्नाची घडण हीच होती. एक मूळ याग सविस्तर सांगितलेला असतो, त्याला प्रकृती म्हणतात. त्याच्या नमुन्यावर करायचे दुसरे याग असतात, त्या विकृती. विकृतीत सगळं पुन्हा सांगत नाहीत, ‘तसंच करावं’ म्हणतात. याला अतिदेश म्हणतात. आता मूळ मंत्रात अग्नीचं नाव आहे आणि हा याग सूर्यासाठी आहे. मंत्र तसाच म्हणायचा का? नाही, अग्नीच्या जागी सूर्याचं नाव योग्य त्या विभक्तीत घालायचं. या फेरफाराला ‘ऊह’ म्हणतात. जैमिनीच्या बारा अध्यायांपैकी नववा अध्याय ऊहाचाच आहे. पतंजलीनं महाभाष्याच्या आरंभी व्याकरण शिकण्याची जी पाच प्रयोजनं दिली, त्यांत रक्षेनंतर लगेच ऊहाचा क्रम लागतो. वेदात मंत्र सगळ्या लिंगांत आणि विभक्तींत दिलेले नाहीत, ते प्रसंगी बदलावे लागतात, आणि व्याकरण न येणाऱ्याला ते जमणार नाही, असा त्याचा मुद्दा आहे. ‘साताराला’ छापणाऱ्या टेम्प्लेटवर पतंजलीचा आक्षेप नेमका हाच असता.

पण आज आम्हांला नवव्यापेक्षा पुढचे दोन अध्याय जास्त कामाचे वाटतात. दहावा अध्याय ‘बाध’ म्हणजे गाळण्याचा आहे. मूळ यागात धान्य कांडायचं असतं, म्हणजे तूस निघतं. एका विकृतीत धान्याच्या जागी सोन्याचे मणी, कृष्णल, वापरायला सांगितले आहेत. सोन्याला तूस नसतं. मग कांडायचं का? नाही. कांडण्याचं प्रयोजनच उरलं नाही, म्हणून ती क्रिया गळते. अकरावा अध्याय ‘तंत्रा’चा आहे. एकदा केलेलं काम अनेकांना पुरतं तेव्हा ते तंत्र, आणि प्रत्येकासाठी पुन्हा करावं लागतं तो आवाप. एका घरात तीन विमा पॉलिसी असतील तर माहितीपत्रक एकदा पाठवायचं की तीनदा? हा प्रश्न तंत्राचा आहे.

म्हणजे साच्याच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, जागेत काय भरायचं. दुसरा, कोणता भाग निघणार, कितीदा निघणार, कोणत्या क्रमानं, कुणाकडे, कोणत्या वाटेनं. पहिल्याची चर्चा सगळे करतात. दुसऱ्याला आम्ही ‘निर्गमावरचा ताबा’ म्हणू, आणि आजचा खरा विषय तो आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९६४ च्या सुमाराला एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी ‘रनऑफ’ नावाचा प्रोग्राम लिहिला. मजकुराच्या ओळी टाइप करायच्या, आणि अधूनमधून टिंबानं सुरू होणारी एखादी ओळ लिहायची. टिंबाची ओळ छापली जात नसे, ती छपाईला दिलेली आज्ञा असे. नवं पान घे, ओळी मधोमध आण, असं. पुढे वर्डस्टारनं हीच टिंबाची रीत घेतली, आणि त्याच्या मेलमर्जमध्ये नावाच्या दोन्ही बाजूंना ‘अँड’चं चिन्ह घालून रिकामी जागा दाखवायची सोय आली. आपल्याकडे ज्यांनी फ्लॉपीच्या काळात कचेरीत काम केलं आहे त्यांना ते आठवत असेल. अडचण एवढीच होती की मजकूर आणि आज्ञा एकाच कागदावर, एकमेकांत मिसळून राहत. नाटकाच्या संहितेत संवाद आणि कंसातल्या सूचना एकत्र असतात तशा. नटाला फरक कळतो, पण गावच्या हौशी नाटकात कंसातलं ‘हसत’ मोठ्यांदा वाचणारा एखादा निघतोच.

ऑब्जेक्टचं काम इथं सुरू होतं. दस्तऐवजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑब्जेक्ट म्हणजे काय? वैशेषिकांची परिभाषा उसनी घेतली तर चटकन समजतं. द्रव्य, त्याचे गुण, त्याचं कर्म. दस्तऐवज हे एक द्रव्य. त्याचं नाव, पानाचा आकार हे त्याचे गुण, ज्यांना तिकडे प्रॉपर्टी म्हणतात. छाप, जतन कर, बंद कर ही त्याची कर्मं, ज्यांना मेथड म्हणतात. स्क्रिप्ट म्हणजे अशा द्रव्यांना नावानं हाक मारून गुण बदलणारी आणि कर्मं करायला लावणारी ओळींची यादी. महत्त्वाचं हे, की ही यादी पत्राच्या मजकुरात नसते. ती बाहेर बसते.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, मायक्रोसॉफ्ट वर्ड. त्यात प्रत्येक दस्तऐवजाला ‘मेलमर्ज’ नावाचं एक ऑब्जेक्ट लटकलेलं असतं. त्याचा एक गुण ‘डेस्टिनेशन’, म्हणजे निघालेलं कुठं जाणार. नव्या दस्तऐवजात, थेट प्रिंटरवर, ईमेलनं किंवा फॅक्सनं. हा एकच गुण बदलला की तोच मजकूर, तीच माणसं, पण परिणाम वेगळा. नव्या दस्तऐवजात गेलं तर पाहून फाडता येतं, ईमेलवर गेलं तर गेलं. आमचा सल्ला विचाराल तर स्क्रिप्टमध्ये ही ओळ सगळ्यांत वर, एकटी आणि ठळक ठेवावी. बंदुकीचा खटका कुठे आहे हे हातात घेणाऱ्याला आधी दिसलं पाहिजे.

मेलमर्जच्या आत आणखी एक ऑब्जेक्ट असतं, ‘डेटासोर्स’, म्हणजे माणसांची यादी. त्याला ‘फर्स्टरेकॉर्ड’ आणि ‘लास्टरेकॉर्ड’ असे गुण आहेत. दोन हजार पत्रं काढायची असतील तर आधी एक ते पाच एवढीच काढून पाहता येतात. ‘चेक’ नावाचं कर्म आहे, ते पत्रं न काढता रंगीत तालीम करतं आणि चुका दाखवतं. ‘एक्झिक्यूट’ हे प्रत्यक्ष काढण्याचं कर्म. आणि ‘सप्रेसब्लँकलाइन्स’ हा आमचा आवडता गुण आहे. पत्त्याची दुसरी ओळ काहींना असते, काहींना नसते. नसेल तर तिथं मोकळी ओळ राहते आणि पत्त्याला खिडकी पडल्यासारखं दिसतं. हा गुण खरा केला की रिकाम्या फील्डमुळे मोकळी पडणारी ओळ आपोआप मिटते. सोन्याला तूस नाही तर कांडू नका, याचा हा छोटासा नमुना.

आता खऱ्या पेचाकडे येऊ. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत थकबाकीच्या नोटिसा निघाल्या. ज्यांनी सगळं भरलं होतं त्यांनाही त्या गेल्या. ‘आपली थकबाकी रु. ० असून ती सात दिवसांत न भरल्यास व्याज आकारण्यात येईल.’ तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा चेकबुक घेऊन कार्यालयात गेले आणि शून्य रुपयांचा चेक कसा लिहायचा ते विचारू लागले. लोक हसले. पण दुसऱ्या एका घरातल्या आजी दोन दिवस झोपल्या नव्हत्या, कारण त्यांनी फक्त ‘व्याज’ हा शब्द वाचला होता.

हे दुरुस्त कसं करायचं? तीन जागा आहेत.

एक, यादीतच दुरुस्ती करायची. थकबाकी असलेल्यांची वेगळी यादी करून तीच मेलमर्जला द्यायची. दोन, पत्राच्या पोटात अट घालायची. वर्डमध्ये ‘स्किपइफ’ नावाचं फील्ड आहे. थकबाकी शून्य असेल तर हे पत्र सोडून पुढच्या नोंदीवर जा, असं ते सांगतं. तीन, बाहेरच्या स्क्रिप्टमध्ये. प्रत्येक नोंदीचं पत्र निघायच्या आधी वर्ड एक घटना जाहीर करतं, ‘मेलमर्ज-बिफोर-रेकॉर्डमर्ज’. आपली स्क्रिप्ट त्या क्षणी जागी होते, नोंद पाहते, आणि ‘कॅन्सल’ हे खरं केलं तर तेवढं एक पत्र निघत नाही, बाकीची चालू राहतात. संपूर्ण मर्ज सुरू होण्याआधीचीही एक वेगळी घटना आहे, तिथं कॅन्सल केलं तर सगळंच थांबतं.

तिन्ही उपायांनी आजोबांचा चेक वाचतो. कागदावर फरक शून्य. मग आम्ही यावर वेळ का घालवतो आहोत? कारण ‘कुणाला नोटीस पाठवायची’ हा निर्णय तीन वेगळ्या माणसांच्या हाती जातो. यादीत असेल तर तो हिशेब ठेवणाऱ्याकडे आहे, आणि यादी उघडली की दिसतो. स्क्रिप्टमध्ये असेल तर तो प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे आहे, आणि स्क्रिप्ट वाचता येणाऱ्यालाच दिसतो. पत्राच्या पोटात फील्ड म्हणून असेल तर नेहमीच्या पाहण्यात कुणालाच दिसत नाही. फील्डचे संकेत उघडून दाखवायला सांगितलं तरच दिसतो, आणि पत्राच्या भाषेत सुधारणा करायला बसलेली एखादी व्यक्ती तो नकळत पुसूनही टाकते. मजकुराचा एक शब्द बदलायला गेलेल्या माणसाच्या हातून धोरण बदलतं. आम्हांला हे गंभीर वाटतं.

क्रमांकाचंच पाहा. वर्डमध्ये दोन फील्ड्स आहेत, ‘मर्जरेक’ आणि ‘मर्जसीक्’. पहिलं सांगतं ही यादीतली कितवी नोंद. दुसरं सांगतं प्रत्यक्ष निघालेल्या पत्रांतलं हे कितवं. मधली तीन पत्रं गाळली तर पहिल्या क्रमांकात तीन खाचा पडतात, दुसऱ्यात पडत नाहीत. जावक क्रमांक म्हणून कोणता वापरायचा? खाचा नसलेली नोंदवही दिसायला नीटनेटकी असते. पण कुणाला तरी गाळलं आहे ही खूणही तिच्यात उरत नाही. आमचं मत विचाराल तर खाचा राहू द्याव्यात, आणि त्या का पडल्या ते शेजारी लिहावं.

तारखेचा सापळा तर वर्ड आणि एक्सेल वापरणाऱ्या बहुतेकांनी अनुभवला असेल. एक्सेलमध्ये तुम्ही पाच जून असं नीट दिसेल अशा रूपात तारीख ठेवलेली असते. मर्जमध्ये येताना ते रूप मागे राहतं आणि तारीख बऱ्याचदा अमेरिकन क्रमानं येते, आधी महिना, मग दिवस. आपण ०६/०५ वाचतो आणि सहा मे समजतो. सुनावणीची तारीख असेल तर माणूस महिनाभर आधी जाऊन परत येईल. उलटं झालं तर सुनावणी होऊन गेलेली असेल. उपाय लहान आहे. फील्डला उलटी तिरपी रेघ आणि ‘ॲट’चं चिन्ह देऊन पुढे रूप लिहायचं, दिवस, महिना अक्षरात, वर्ष. महिना अक्षरात लिहिला की वाद मिटतो. रकमेलाही अशीच सोय आहे, तिथं ‘हॅश’चं चिन्ह लागतं. इथं तत्त्वाचा एक बारीक मुद्दा आहे. तारीख ही वस्तू एक, तिचं दिसणं वेगळं. यादीनं तारीख द्यावी, दिसणं साच्यानं ठरवावं. यादीत दिसणं भरायला गेलात की गोंधळ झाला.

आता मोठ्या कारखान्याकडे. बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या लाखांनी कागद काढतात, तिथं वर्ड पुरत नाही. तिथं वेगळी सॉफ्टवेअर असतात. ओएल कनेक्ट हे त्यांपैकी एक. त्यातली रचना पाहण्यासारखी आहे. साच्याला तीन अंगं असू शकतात, छपाई, ईमेल आणि वेब. त्यांना कॉन्टेक्स्ट म्हणतात. प्रत्येक अंगात विभाग असतात, म्हणजे सेक्शन. मुखपत्र एक विभाग, बिलाचा तपशील दुसरा, अटी तिसरा. मजकुरात नावं भरणाऱ्या स्क्रिप्ट वेगळ्या, आणि ‘कंट्रोल स्क्रिप्ट’ वेगळ्या. कंट्रोल स्क्रिप्ट आधी धावते. तिच्या हातात ‘मर्ज’ हे ऑब्जेक्ट असतं, त्यातून साचा, साच्यातून अंग, अंगातून विभाग अशी ती उतरत जाते. विभागाचा ‘एनेबल्ड’ हा गुण खोटा केला की या माणसासाठी तो विभाग निघतच नाही. हा बाध. विभागाची प्रत करून पुढे जोडता येते, एका माणसाच्या तीन गाड्या असतील तर गाडीचा विभाग तीनदा. हा आवाप. पानांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करायचे का, ईमेलचा विषय काय, ती कुणाला जाणार, हेही तिथंच ठरतं. भरणं आणि काढणं या दोन कामांची खोली वेगळी केली, हा त्या रचनेचा गुण आम्हांला पटतो.

पण खोली वेगळी केल्यानं प्रश्न संपत नाही. समजा मागणीच्या नोटिशीत एक परिच्छेद आहे: ‘ही मागणी मान्य नसल्यास आपण तीस दिवसांत अपील करू शकता.’ आणि कंट्रोल स्क्रिप्टमध्ये ओळ आहे, रक्कम पाच हजारांहून कमी असेल तर तो विभाग बंद. कुणीतरी कागद वाचावा म्हणून घातली असेल, एका पानात बसावं म्हणून. आता साडेचार हजारांची चुकीची मागणी ज्या बाईंना आली, त्यांना अपील करता येतं हेच कळलं नाही. त्यांच्या हातातल्या पत्रात चूक दाखवता येणार नाही, कारण जे नाही ते कसं दाखवणार? कारकून म्हणेल, मी साचा पाहिला, परिच्छेद आहे. तोही खरं बोलतो. परिच्छेद साच्यात आहे आणि पत्रात नाही, आणि त्या दोहोंच्या मधल्या ओळीचं नाव कुणाला माहीत नाही.

टेरेन्स पार यांनी २००४ साली यावर एक निबंध लिहिला. वेब पानांच्या टेम्प्लेटबद्दल आहे, पण तर्क सगळीकडे लागू पडतो. त्यांचा नियम कडक आहे. साच्यानं माहितीत बदल करायचा नाही, तिच्यावर हिशेब करायचा नाही, आणि तिच्या किमतीची तुलनाही करायची नाही. साच्याला एकच प्रश्न विचारायची परवानगी, ‘आहे का?’ रक्कम पाच हजारांहून कमी आहे का, हे साच्यानं विचारायचं नाही. ते दुसऱ्या ठिकाणी ठरवायचं, त्या ठरवण्याला नाव द्यायचं, ‘अपील-लागू’ असं, आणि साच्यानं फक्त ते नाव आहे की नाही तेवढं पाहायचं. पुष्कळ प्रोग्रामरांना हा नियम जाचक वाटतो. कामाच्या घाईत ‘पाच हजारांहून कमी’ ही तुलना तिथल्या तिथे लिहिणं फार सोपं असतं. आम्ही पार यांच्या बाजूचे आहोत, पण कारण वेगळं देऊ. त्यांना प्रोग्राम स्वच्छ राहायला हवा आहे. आम्हांला निर्णयाला नाव हवं आहे. ‘पाच हजार’ हा आकडा स्क्रिप्टच्या पोटात राहिला तर त्यावर सही कुणाची, हे विचारता येत नाही. ‘अपील-लागू’ असा रकाना यादीत आला की तो भरणारा कुणीतरी असावा लागतो, आणि माहितीच्या अधिकारात तो रकाना मागता येतो.

तुलना सगळ्या बाहेर काढणं नेहमी शक्य नसतं, हे मान्य. तळाशी जागा उरली तर सूचना छाप, पान भरलं तर पुढच्या पानावर ने, असले निर्णय मांडणीचे आहेत, ते यादीला कळणारच नाहीत. ते ताबा-स्क्रिप्टमध्येच राहोत. पण माणसाच्या हक्काला, पैशाला किंवा मुदतीला हात लावणारी अट आणि कागदाच्या सोयीची अट या दोन्ही एकाच ओळीत गुंफायच्या नाहीत.

काम करणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट सांगतो. चाचणीसाठी नेहमीची पहिली पाच नावं घेऊ नका, ती सगळी सरळ असतात. मुद्दाम अवघड पाच नोंदी तयार ठेवा. पत्त्याची दुसरी ओळ नसलेली. थकबाकी शून्य असलेली. तारीख बारा किंवा त्याहून कमी, म्हणजे दिवस आणि महिना उलटले तर पकडता येतील. नाव तीन ओळी घेईल एवढं लांब. आणि जिच्यासाठी जास्तीत जास्त विभाग बंद होतात अशी. या पाच पत्रांची छपाई करा, आणि ती टेम्प्लेट न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. त्यानं फक्त एवढंच सांगायचं, या पत्रावरून मी काय करायचं हे मला कळतं का.

वेळ संपत आली आहे. मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेऊ. विचारलं आहे, निघालेल्या पत्रांत चूक दिसली तर तिथंच हातानं दुरुस्त केलं तर काय बिघडलं? त्या दिवशी काहीच बिघडत नाही. पत्र बरोबर जातं. पण दुरुस्ती निघालेल्या कागदावर झाली, साच्याला आणि यादीला तिचा पत्ता नाही. पुढच्या महिन्यात एक्झिक्यूट म्हटलं की जुनी चूक नव्यानं निघणार, आणि तोवर दुरुस्ती करणाऱ्याची बदली झालेली असेल. म्हणून हातानं दुरुस्त करायचंच असेल तर जरूर करा, पत्र अडवू नका. फक्त त्याच बैठकीत यादी उघडा, चूक यादीत आहे की साच्यात की मधल्या स्क्रिप्टमध्ये ते पाहा, आणि जिथं असेल तिथं तारीख घालून टीप लिहा. स्क्रिप्टमध्ये अशी टीप लिहायला व्हिज्युअल बेसिकमध्ये ओळीच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह पुरतं. त्यापुढचं संगणक वाचत नाही, फक्त माणसं वाचतात.